‘स्वाइन फ्लू’च्या विषाणूची वंशपरीक्षा

लोणंदच्या बाजारात मेंढरू घेणारा जाणता माणूस प्रथम जनावराचे दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो आणि मग विकणाऱ्यास विचारतो, ‘‘हे कुणाच्या कळपातलं?’’ जनावराच्या अंगावर दिसते त्याहून अधिक त्याचे कूळ सांगते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या प्रश्नामागे असतो. दख्खनी मेंढीच्या एका प्रकारास लोणंद हेच नाव पडलेले आहे, हे पुष्कळांस ठाऊक असेल. या मेंढीची चण काटक, परंतु एका वेतात बहुधा एकच कोकरू. उलटपक्षी बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल ही लहानखुरी मेंढी एका वेतात दोन-तीन कोकरे देते, आणि हा गुण तिच्या एका जनुकामुळे येतो. जवळच फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने संकराच्या मार्गाने हा जनुक दख्खनी मेंढीत आणला व ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध केला. कोकरीच्या अंगी तो जनुक उतरला आहे किंवा नाही हे रक्ताच्या थेंबावरून प्रयोगशाळेत सांगता येते. ती मोठी होऊन विण्याची वाट पाहावी लागत नाही. याच परीक्षेने एक जुने कोडेही उलगडले. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढीत जुळी देण्याचा जो गुण आहे, त्याच्या मुळाशी गॅरोल मेंढीतलाच जनुक आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे नेलेल्या मेंढ्यांबरोबर तो गेला असावा, असे दिसून आले. मालक गेले, दाखले गेले, परंतु जनुकाने आपला प्रवास सांगितला.

हीच रीत रोगाच्या विषाणूस लावता येते, आणि ती लावल्यामुळे ‘स्वाइन फ्लू’ या नावाने झालेला मोठा घोटाळा दूर होण्यास मदत होते.

हे नाव खेडोपाडी पोहोचले ते २००९ सालच्या साथीत. त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी पुण्यातील १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा या आजाराने मृत्यू झाला. देशातील तो पहिला मृत्यू होय. पुण्यातील शाळा बंद झाल्या, लोकांनी तोंडास फडकी बांधली, तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. पुणे-मिरज लोहमार्गावरील लोणंदहून नोकरीसाठी, शिक्षणासाठी व माल घेऊन पुण्यास जाणारांची वर्दळ नित्याची आहे. तेव्हापासून ग्रामीण कार्यकर्त्यांना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : ‘‘आमच्या वस्तीवर डुकरंच नाहीत, मग हा ताप आम्हांला कसा होईल?’’ प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे परिणाम भाबडे नाहीत. ज्याच्या मनात हा समज घर करून बसला आहे, तो घरातील गरोदर सुनेचा ताप तीन-चार दिवस अंगावर काढू देतो. धाप लागल्यावर गाडी शोधतो.

विषाणूचे आठ खंड

इन्फ्लुएन्झाचा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही दिसत नाही इतका लहान आहे. त्याचा सारा वारसा आरएनए नावाच्या रासायनिक द्रव्यात चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो, आणि ही अक्षरे सर्व मिळून सुमारे १३,५०० भरतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे लिखाण एका सलग पट्टीवर नसून आठ निरनिराळ्या खंडांवर असते. विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे काटे असतात. एकाच्या, म्हणजे ‘एच’च्या साहाय्याने तो आपल्या श्वासनलिकेतील पेशीस चिकटतो, दुसऱ्याच्या, म्हणजे ‘एन’च्या साहाय्याने नवे विषाणू पेशीपासून सुटून बाहेर पडतात. एच१एन१, एच३एन२ ही नावे या काट्यांच्या प्रकारांवरून पडली आहेत. हे दोन काटे दोन खंडांवर लिहिलेले असतात. उरलेले सहा खंड आतील यंत्रणेचे होत.

आता एकाच पेशीत दोन वेगळ्या कुळांचे विषाणू एकाच वेळी शिरले तर काय होईल? दोघांचेही आठ-आठ खंड त्या पेशीत सुटे होतात, त्यांच्या असंख्य प्रती निघतात, आणि नवे विषाणू बांधले जाताना काही खंड याचे व काही त्याचे घेऊन तिसराच विषाणू जन्मास येतो. मेंढीच्या संकराशी याचे साम्य आहे, परंतु ते पुरते ताणू नये. कोकरास निम्मा वारसा आईकडून व निम्मा बापाकडून मिळतो. विषाणूस असा नियम नाही. एकाचे सात व दुसऱ्याचा एक, किंवा पाच व तीन, कशीही वाटणी होऊ शकते.

डुकराचा संबंध येतो तो येथे. पक्ष्यांतील विषाणू ज्या खुणेस धरून पेशीस चिकटतो, ती खूण व माणसांतील विषाणूस लागणारी खूण, या दोन्ही डुकराच्या श्वसनमार्गात आढळतात. त्यामुळे पक्ष्याचा, माणसाचा व स्वतः डुकराचा असे तिन्ही विषाणू त्याच्या घशात एकत्र येऊ शकतात. बिचाऱ्या जनावराचा यात दोष तो एवढाच.

२००९ च्या विषाणूची कुळकथा

एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात दोन आजारी मुलांच्या नमुन्यांत एक अनोळखी इन्फ्लुएन्झा विषाणू सापडला. त्याचे आठही खंड वाचून पूर्वीच्या विषाणूंच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा असे दिसले की, हे आठ खंड चार घरांतून आलेले आहेत.

तीन खंड, त्यांत ‘एच’चा काटाही आला, उत्तर अमेरिकेतील डुकरांच्या जुन्या विषाणूचे होते. या विषाणूचे मूळ १९१८ च्या महासाथीशी जाऊन भिडते. आपल्याकडे ‘मानमोडी’ या नावाने तिची आठवण राहिली. एकट्या भारतात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली असा अंदाज आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील आयोवा प्रांतात डुकरेही तशाच तापाने आजारी पडली होती. पुढे १९३० साली रिचर्ड शोप यांनी डुकरांतील हा विषाणू वेगळा केला. माणसांतील इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यानंतर, १९३३ साली, लंडन येथे हाती लागला.

दोन खंड पक्ष्यांतील होते व ते १९९८ च्या सुमारास अमेरिकेतील डुकरांत शिरले होते. एक खंड माणसांतील एच३एन२ या विषाणूचा होता, आणि तोही मुळात १९६८ च्या महासाथीच्या वेळी पक्ष्यांकडून माणसांत आलेला. उरलेले दोन खंड, म्हणजे ‘एन’चा काटा व आतील एक, युरोप व आशियातील डुकरांच्या विषाणूचे होते, तो विषाणू १९७९ च्या सुमारास पक्ष्यांतून युरोपातील डुकरांत उतरला होता. दोन खंडांच्या डुकरांचे विषाणू कोठे एकत्र आले, याचा माग पुढे लागला. मेक्सिकोतील डुकरांच्या विषाणूंचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून हा संयोग त्या देशाच्या मध्य-पश्चिम भागात झाला असे दिसते. जिवंत डुकरांच्या व्यापाराबरोबर विषाणूही समुद्रापार गेले होते. गॅरोल मेंढीबरोबर जनुक जसा ऑस्ट्रेलियास गेला, तसाच हा प्रकार.

हे वाचन केवळ पंडितांच्या उपयोगाचे नव्हते. त्यातील एका खंडावर असा बदल आढळला की, त्यामुळे अमँटॅडीन हे जुने औषध या विषाणूवर चालणार नाही, आणि ओसेल्टामिवीर चालेल, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांस आरंभीच कळले. त्याचप्रमाणे, या साथीत वृद्धांपेक्षा तरुण अधिक का पडतात याचाही उलगडा झाला. १९५० पूर्वी जन्मलेल्या पुष्कळांनी तरुणपणी १९१८ च्या विषाणूच्या वंशजांशी तोंड दिले होते. या नव्या ‘एच’ काट्याचा चेहरा त्यांच्या शरीरास अगदीच परका नव्हता.

माणसात डुकराचा विषाणू सापडण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. अमेरिकेत १९७४ साली तो एका रुग्णाच्या शरीरातून वेगळा करण्यात आला होता. १९७६ साली फोर्ट डिक्स येथील लष्करी छावणीत तो २०० हून अधिक शिपायांस बाधला, परंतु छावणीबाहेर पसरला नाही. २००९ चा विषाणू मात्र माणसाकडून माणसाकडे सहज जाऊ लागला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली व १० ऑगस्ट २०१० रोजी ती संपल्याचे सांगितले. विषाणू मात्र गेला नाही. माणसांत पूर्वी फिरणाऱ्या एच१एन१ ची जागा त्याने घेतली आणि आता तो दरवर्षीच्या फ्लूपैकी एक होऊन बसला आहे. म्हणून वस्तीवर डुकरे नसली तरी हा ताप येतो. तो शेजाऱ्याच्या खोकल्यातून, एस.टी.तील गर्दीतून, शाळेच्या बाकावरून येतो.

पोथीच्या प्रती व पाठभेद

खंडांची अदलाबदल क्वचित घडते. दुसरा बदल मात्र रोज चालू असतो. विषाणूच्या प्रती निघताना एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक पुढच्या सर्व प्रतींत उतरते.

आषाढी वारीस निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते व लोणंदास मुक्काम करते. तेथे जमणाऱ्या वारकऱ्यांस हे सांगावयास नको की, ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत तीन शतकांच्या काळात पाठभेद शिरले होते, आणि एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. दोन प्रतींत एकाच जागी एकच चूक आढळली तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असा तर्क करता येतो. प्रयोगशाळेत विषाणूचा वंशवृक्ष याच तर्काने मांडतात. भेद इतकाच की येथे शुद्ध पाठ शोधावयाचा नसतो, कोणती चूक कोठून कोठे गेली हे पाहावयाचे असते.

आपल्या देशात हे काम प्रामुख्याने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत चालते. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती स्थापन झाली. २००९ च्या साथीतील भारतीय विषाणूंचे खंड तेथे वाचले गेले व तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जगभर फिरणाऱ्या विषाणूच्याच कुळातील शाखा आपल्याकडे आल्या होत्या. २०१५ साली देशात पुन्हा मोठी साथ आली, ४२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली व सुमारे ३ हजार माणसे दगावली. तेव्हा अमेरिकेतील काही संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, भारतातील विषाणूच्या ‘एच’ काट्यात घातक ठरू शकतील असे बदल झाले आहेत. पुण्याच्या संस्थेने ते मान्य केले नाही. वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, परंतु एक गोष्ट मनास लागते : भारतातील विषाणूंच्या मागील दोन वर्षांच्या ज्या नोंदी त्या संशोधकांस जगाच्या खुल्या दप्तरात मिळाल्या, त्या अवघ्या दोन होत्या. चार-दोन पाने पाहून पोथीविषयी बोलावे लागावे, तशी ही स्थिती. २०१७ साली महाराष्ट्रात या आजाराने ७०० हून अधिक मृत्यू झाले. त्याच सुमारास लसीतील एच१एन१ घटकही बदलण्यात आला; २००९ च्या कॅलिफोर्नियातील विषाणूऐवजी २०१५ साली मिशिगनमध्ये सापडलेला विषाणू घेतला गेला. असे निर्णय देशोदेशींच्या नमुन्यांवरून होतात. ज्या प्रदेशातून नमुनेच जात नाहीत, त्याचा विषाणू त्या हिशेबात धरला जात नाही.

माणसाकडून डुकराकडे

नावाच्या घोटाळ्याने मनुष्याचे नुकसान झाले, तसेच जनावरांचेही झाले. २००९ च्या वसंतात इजिप्त सरकारने देशातील सुमारे ३ लक्ष डुकरे मारण्याचा हुकूम काढला. त्या डुकरांत हा रोग सापडलेला नव्हता. कैरो शहराचा ओला कचरा ज्यांच्या डुकरांच्या पोटी जात असे, ती कुटुंबे उघडी पडली, शहरात कचऱ्याचे ढीग साचले, आणि साथ माणसांमधून यावयाची ती आलीच. जागतिक आरोग्य संघटनेने ३० एप्रिल २००९ पासून ‘स्वाइन फ्लू’ हे नाव वापरणे सोडून दिले होते, परंतु लोकांच्या तोंडी बसलेले नाव हुकमाने जात नाही. आपल्या भागात डुकरे पाळणारी कुटुंबे थोडी व बहुधा गरीब आहेत. साथीच्या दिवसांत त्यांच्याकडे बोट दाखविण्यास जे पुढे येतात त्यांस कार्यकर्त्यांनी हे सारे समजावून सांगावे. नीट शिजविलेल्या मांसातूनही हा रोग होत नाही.

खरी गोष्ट अशी आहे की, २००९ नंतर माणसांनीच हा विषाणू पुष्कळ ठिकाणी डुकरांस दिला. नॉर्वे देशातील डुकरांत इन्फ्लुएन्झा मुळीच नव्हता. ऑक्टोबर २००९ मध्ये, माणसांत साथ चालू असता, तो प्रथमच तेथे आढळला. उत्तर प्रदेशातील डुकरांत २००९ साली मिळालेला विषाणूही माणसांतील साथीच्या विषाणूशी अगदी जवळचा निघाला.

यातून पुढे काय घडू शकते याचा दाखला अमेरिकेतील कृषि-प्रदर्शनांत मिळाला, आणि जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या लोणंदसारख्या गावाने तो विशेष लक्षपूर्वक वाचावा. २०१२ च्या उन्हाळ्यात तेथे ३०९ माणसांस, त्यांत मुले फार, डुकरांतील एच३एन२ विषाणूची बाधा झाली. बहुतेकांनी प्रदर्शनातील डुकरे हाताळली होती किंवा त्यांच्या गोठ्यांजवळ वेळ घालविला होता. या विषाणूचे खंड वाचले तेव्हा त्यांतील एक खंड २००९ च्या महासाथीच्या विषाणूचा निघाला. म्हणजे माणसाने डुकरास दिलेला खंड नव्या विषाणूत बसून पुन्हा माणसाकडे आला होता. सुदैवाने तो माणसामाणसांत फारसा पसरला नाही.

असा प्रकार आपल्या राज्यात घडणारच नाही असे मानू नये. २०१९ च्या फेब्रुवारीत मेळघाटातील १७ महिन्यांच्या एका मुलाच्या नमुन्यात पक्ष्यांतील एच९एन२ विषाणू सापडला. भारतात माणसात तो आढळल्याची ही पहिली नोंद. मूल बरे झाले. नमुना घेतला नसता तर तो एक साधा ताप म्हणूनच विसरला गेला असता.

गावात करावयाची व्यवस्था

ज्यास ताप, खोकला, घसा दुखणे असा त्रास होत आहे त्याने डुकरांच्या खोपटात जाऊ नये. चारापाण्याचे काम आठवडाभर घरातील दुसऱ्या निरोगी माणसाने करावे. ते शक्यच नसेल तर नाकातोंडावर फडके बांधून जावे व हात साबणाने धुवावेत. डुकरे खोकू लागली, खाणे सोडून निपचित पडली, तर ती बाजारात नेऊ नयेत व पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. इन्फ्लुएन्झाने आजारी पडलेली डुकरे बहुधा आठवडा-दीड आठवड्यात सावरतात. ती पटापट मरू लागली तर तो रोग निराळा समजावा. २०२० साली भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर त्यांपैकी एक. तो माणसास होत नाही, परंतु कळप नाहीसा करतो, म्हणून त्याचीही वर्दी तात्काळ द्यावी. डुकरे व कोंबड्या एकाच खोपटात ठेवण्याची सवय मोडावी, हे आता निराळे सांगण्याची गरज नाही.

माणसांच्या बाबतीत गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, तसेच मधुमेह, दमा व हृदयविकार असलेले रोगी यांच्या तापाकडे प्रथम पाहावे. ओसेल्टामिवीर हे औषध आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत मिळाले तर सर्वांत अधिक गुण देते. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावयाचे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे यांपैकी काही दिसले तर रुग्णास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात या आजाराचा जोर पावसाळ्यात विशेष असतो, आणि वारीची गर्दीही त्याच्या तोंडाशीच येते. यास्तव ज्यांना डॉक्टरांनी लस सुचविली आहे त्यांनी ती मृगापूर्वी टोचून घ्यावी व दरवर्षी घ्यावी. गेल्या वर्षीची लस यंदाच्या विषाणूस पुरेलच असे नाही, याचे कारण वर पाठभेदांच्या ओघात आलेच आहे.

नमुना नाक व घसा यांतून प्रशिक्षित कर्मचाऱ्याने घ्यावयाचा असतो. आरएनए उष्णतेने लवकर नासते, म्हणून नमुन्याची कुपी लसीप्रमाणेच बर्फाच्या पेटीतून न्यावी लागते. दुपारभर मोटारसायकलच्या पिशवीत तापलेल्या कुपीतून विषाणूचे एक अक्षरही वाचता येत नाही. कुपीबरोबर माहितीचा कागद जातो. आशा सेविकेने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तो भरण्यास आरोग्य कर्मचाऱ्यास साहाय्य करावे : ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, रुग्ण कोणत्या गावास जाऊन आला, घरात आणखी कोण आजारी आहे, आणि मागील आठवड्यात डुकरे किंवा कोंबड्या यांच्याशी संबंध आला होता काय. हा शेवटचा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांस अपमानास्पद वाटण्याचा संभव असतो. तेव्हा तो सर्वांनाच विचारतात हे आधी सांगावे. उत्तर ‘नाही’ आले तरी ते स्पष्ट लिहावे, जागा मोकळी सोडू नये. कॅलिफोर्नियातील त्या दोन मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारण्यात आला होता. दोघेही डुकरांजवळ गेलेले नव्हते व एकमेकांसही ओळखत नव्हते. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जाऊ लागला आहे अशी पहिली शंका आली ती त्या दोन ‘नाही’वरून.